बरणीवरची यादी

(लातूर येथे एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची मुद्रित प्रत)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांचं सारं आयुष्य लेकरांमध्ये गेलं. अशा व्यासपीठावरून आपल्या भागात पाणी, शेती, सोयाबीनचा भाव, शिक्षण यांवर बोलण्याची रीत आहे आणि ती योग्यच आहे. मी मात्र आज किराणा दुकानाच्या फळीवरल्या एक-दोन रुपयांच्या फळांच्या जेलीवर बोलणार आहे. त्याला एक कारण आहे. लेकराच्या पोटात जाणारी प्रत्येक गोष्ट कुणीतरी मोठं माणूस निवडतं. भाकरी आई निवडते, शाळेतली खिचडी सरकार ठरवतं, औषध डॉक्टर देतात. जेलीचं तसं नाही. सहा वर्षांचं पोर हातात नाणं घेऊन एकटं दुकानात जातं, बरणीकडे बोट दाखवतं आणि घरी पोचायच्या आत ती वस्तू खाऊन मोकळं होतं. आयुष्यातली ती त्याची पहिली खरेदी. मोठ्यांची नजर तिथे नसते, म्हणून कायद्याची नजर तिथे असायला हवी. ती आहे का, हे आज तपासू.

आधी वस्तू नीट पाहू. साखर आणि मक्याच्या स्टार्चपासून केलेलं लिक्विड ग्लुकोज एकत्र उकळतात. त्यात जेली बांधणारा पदार्थ घालतात. आंबटपणासाठी सायट्रिक आम्ल, त्याचा तोल राखायला सोडियम सायट्रेट, मग रंग आणि फळाचा वास. हे गरम मिश्रण मक्याच्या पिठात दाबून केलेल्या साच्यांत ओततात, एक-दोन दिवस सुकवतात आणि वरून साखर घोळतात किंवा तेला-मेणाचा हलका हात फिरवतात. जेली बांधणारे पदार्थ मुख्यतः चार: जनावरांच्या हाडा-कातड्यापासून निघणारं जिलेटिन, लिंबूवर्गीय फळांच्या सालीतून आणि सफरचंदाच्या चोथ्यातून निघणारं पेक्टिन, समुद्रशेवाळापासूनचं अगर किंवा कॅरागीनन, आणि रूपांतरित स्टार्च. जिलेटिनची जेली ३५ अंशांच्या आसपास सैल पडू लागते. आपल्याकडे मे महिन्यात दुकानाच्या पत्र्याखाली काय तापमान असतं ते मी सांगायला नको. त्यामुळे इथल्या हवेत टिकायला पेक्टिन, अगर आणि स्टार्च जास्त सोयीचे.

या यादीत फळ कुठे आलं? बहुतेकदा आलंच नाही. आणि इथे कायद्यातली एक विचित्र गोष्ट लक्षात घ्या. पोळीला लावायची जी जेली असते, पेरूची म्हणा, तिच्यात निदान ४५ टक्के फळाचा अंश आणि निदान ६५ टक्के विद्राव्य घन पदार्थ असलेच पाहिजेत, असं अन्नसुरक्षा नियमांत स्पष्ट लिहिलं आहे. आपल्या घरांत पेरू शिजवून, पाणी गाळून जी जेली व्हायची तिला बाहेरचं काही लागत नसे, कारण पेरूतच पेक्टिन भरपूर. पण तीच वस्तू ‘मिठाई-गोळी’ या वर्गात गेली की ४५ टक्क्यांची अट मागे राहते आणि पाकिटावर संत्रं, स्ट्रॉबेरी, आंबा मात्र झळकत राहतात. अशी फळाविना फळं आपण फार दिवसांपासून खात आलो आहोत. आइस्क्रीमवरची लाल ‘चेरी’ पुष्कळदा साखरेत मुरवून रंगवलेलं करवंद असतं, टुटीफ्रुटी म्हणजे कच्ची पपई. त्यात निदान करवंद आणि पपई तरी असते.

साखरेची गोळी महाराष्ट्राला नवी नाही. १९२९ मध्ये मुंबईच्या पार्ल्यात जो कारखाना उभा राहिला त्याची पहिली वस्तू संत्र्याची गोळी होती. वालचंद हिराचंदांनी मालेगाव तालुक्यात उभ्या केलेल्या रावळगाव कारखान्याच्या गोळ्या मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत पोचल्या होत्या. पाचगणीला मॅप्रोने १९५९ पासून फळं टिकवण्याचा धंदा उभा केला. तेव्हा माझं भांडण गोळीशी नाही. जत्रेत, सणाला, पाहुण्यांच्या पिशवीतून येणारा खाऊ लेकरांना मिळालाच पाहिजे. बदललंय ते त्याचं रोजचं होणं. ब्राझीलच्या साओ पावलो विद्यापीठातल्या कार्लोस मोंतेरो यांनी २००९ मध्ये अन्नाची वर्गवारी करण्याची एक नवी पद्धत मांडली. घरच्या स्वयंपाकघरात सहसा नसणारे घटक वापरून, कारखान्यात घडवलेल्या वस्तू त्यांनी वेगळ्या काढल्या आणि त्यांना अतिप्रक्रियायुक्त म्हटलं. आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी जी आहारसूत्रं प्रसिद्ध केली, त्यांतही असे पदार्थ कमी खा आणि वेष्टन वाचा असा सल्ला आहे. जेलीत चार भागांतले सुमारे तीन भाग साखर आणि ग्लुकोज. दहा ग्रॅमच्या तीन जेल्यांत २० ग्रॅमच्या वर गोड गेलं. जागतिक आरोग्य संघटना शक्यतो दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते, तेही मोठ्या माणसाला.

आता क्रमांकांबद्दल. पाकिटावर ३३०, ४४०, १०२ असे आकडे दिसले की अनेकांना धडकी भरते, आणि मोबाइलवर फिरणारे संदेश ती वाढवतात. ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, लिंबातलं. ४४० म्हणजे पेक्टिन. ३०० म्हणजे क जीवनसत्त्व. आकडा म्हणजे विष नव्हे. ती जगभर एकच ओळख पटावी म्हणून केलेली नोंद आहे. उलट ज्या वस्तूवर आकडाच नाही, तिची मला जास्त काळजी वाटते.

रंगांचं प्रकरण मात्र थांबून पाहण्यासारखं आहे. २०११ च्या आपल्या नियमांनी आठ कृत्रिम रंगांना परवानगी दिली. जेलीत सहसा भेटतात ते टार्ट्राझिन १०२, सनसेट यलो ११०, कार्मोइसिन १२२, पोन्सो १२४, एरिथ्रोसिन १२७ आणि ब्रिलियंट ब्लू १३३. मर्यादा सर्वसाधारणपणे किलोला १०० मिलिग्रॅम. म्हणजे नियम पाळणाऱ्या दहा ग्रॅमच्या जेलीत फार तर एक मिलिग्रॅम रंग. पोन्सोसाठी युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने ठरवलेली कडक मर्यादा शरीराच्या किलोमागे दिवसाला ०.७ मिलिग्रॅम आहे. १५ किलोच्या लेकराला ती साडेदहा मिलिग्रॅम पडते. एका जेलीने ती ओलांडली जात नाही, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. पण लेकरू रंग एका जेलीतूनच खात नाही. बर्फाचा गोळा, पेप्सीची कांडी, सरबत, क्रीमचं बिस्कीट, यात्रेतली जिलबी, सगळ्यांतून रंग येतो आणि सुट्या मालात १०० ची मर्यादा पाळली जातेच असं नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी हैदराबादेत केलेल्या आणि २००४ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या पाहणीत काही मुलांच्या पोटात काही रंग सुरक्षित मर्यादेपेक्षा जास्त जात असल्याचं आढळलं होतं. हैदराबाद आपल्याला लांब नाही, आणि तिथला नि इथला खाऊ फार वेगळा नाही.

२००७ मध्ये इंग्लंडच्या साउथॅम्प्टन विद्यापीठातला एक अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. तीन वर्षांची १५३ आणि आठ-नऊ वर्षांची १४४ मुलं त्यात होती. कृत्रिम रंगांची मिश्रणं आणि सोडियम बेन्झोएट घातलेलं पेय दिल्यावर मुलांच्या चंचलपणात सरासरीने थोडी वाढ दिसली. परिणाम लहान होता, सगळ्या मुलांत सारखा नव्हता, आणि कोणत्या रंगाने काय झालं हे त्यातून सांगता येत नव्हतं. तरीही युरोपने २० जुलै २०१० पासून त्या अभ्यासातल्या सहा रंगांपैकी कोणताही असेल तर ‘मुलांच्या हालचालींवर व लक्षावर विपरीत परिणाम होऊ शकतो’ अशा आशयाची सूचना वेष्टनावर बंधनकारक केली. पुष्कळ उत्पादकांनी सूचना छापण्यापेक्षा रंगच बदलला, बीट, हळद, लाल कोबी वापरायला सुरुवात केली. त्या सहांतले चार रंग आपल्या यादीत आहेत आणि आपल्या पाकिटावर अशी सूचना नसते. एकाच उद्योगाला तिकडे बिटाचा रंग परवडतो आणि इकडे परवडत नाही, हे मला पटत नाही. एरिथ्रोसिनची परवानगी अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतली. मोठ्या मात्रेत दिल्यावर नर उंदरांमध्ये थायरॉइडच्या गाठी दिसल्या होत्या, आणि प्राण्यांत कर्करोग दाखवणारा पदार्थ खाण्यात घालायचा नाही असा तिथला कायदा आहे.

हे झालं परवानगी असलेल्या रंगांचं. परवानगी नसलेल्यांची गोष्ट वेगळी आणि जास्त गंभीर. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुदुच्चेरी आणि तामिळनाडूने ‘म्हातारीचे केस’ विकायला बंदी केली, कारण नमुन्यांत कापड रंगवायचं ऱ्होडामिन-बी सापडलं. पिवळ्यासाठी मेटॅनिल यलो वापरल्याची प्रकरणं देशात कितीदा तरी उघडकीस आली आहेत. माळेगावची यात्रा असो की आपली सिद्धेश्वराची, डोळ्यांत खुपेल असा गुलाबी आणि अंगठ्याला लागून दोन दिवस न जाणारा पिवळा दिसला, तर तिथून लेकरू पुढे न्यावं.

आता अॅलर्जी. २०२० च्या वेष्टन नियमांनुसार आठ गोष्टी असतील तर तसं वेगळ्या ओळीत लिहावंच लागतं: ग्लुटेन असलेली धान्यं, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी जीव, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे आणि काजू-बदामासारखी फळं, सोयाबीन, आणि किलोला १० मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट. यातलं सोयाबीन तर आपल्या दाराशी. देशातल्या सोयाबीनच्या भावासाठी लोक लातूरच्या बाजार समितीकडे पाहतात. तेल शुद्ध करताना निघणारं लेसिथिन, क्रमांक ३२२, चॉकलेट आणि गोळ्यांच्या उद्योगात सर्वत्र जातं. फळाचा गर टिकवायला वापरलेलं सल्फाइट दम्याच्या काही रुग्णांना त्रास देतं. जिलेटिनची अॅलर्जीही खरी आहे. जपानमध्ये १९९० च्या दशकात लसीनंतर काही मुलांना जे तीव्र झटके आले, त्यामागे लसीतलं जिलेटिन असल्याचं निघालं आणि तिथल्या लसींतून ते काढावं लागलं. आपल्या आठांच्या यादीत मात्र जिलेटिन अॅलर्जीकारक म्हणून नाही. पेक्टिनमुळेही त्रास झाल्याच्या नोंदी आहेत, विशेषतः काजूची अॅलर्जी असलेल्या मुलांत. काजू, आंबा आणि आपला बिब्बा एकाच कुळातले. बिब्बा अंगावर उतरतो हे मराठवाड्यात कुणाला शिकवावं लागत नाही. त्याच कुळातलं दुसरं झाड एखाद्याला पोटातून भोवू शकतं, एवढंच लक्षात ठेवायचं.

हिरव्या ठिपक्याबद्दल एक महत्त्वाचं बोलतो. घरात कुणी जेली हातात घेतली की आधी हिरवा ठिपका बघतात आणि निर्धास्त होतात. जिलेटिन असेल तर तपकिरी त्रिकोण यायला हवा, त्यामुळे शाकाहारी घराला त्या ठिपक्याचा खरा उपयोग आहे. पण अॅलर्जीच्या दृष्टीने तो काहीच सांगत नाही. दूध, शेंगदाणा, काजू, गहू, सोयाबीन, सल्फाइट, सगळे हिरव्या ठिपक्यातच बसतात.

किती मुलांना हे लागू आहे? घाबरवून सोडावं इतक्यांना नाही. कर्नाटकात झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात प्रौढांमध्ये अन्नाची संभाव्य अॅलर्जी १.२ टक्के निघाली आणि भारतातल्या शाळकरी मुलांत ०.१४ टक्के. पाश्चात्त्य देशांपेक्षा हे खूप कमी. पण तेच प्रमाण धरलं तरी लाख मुलांमागे १४० मुलं झाली. आणि कमी असण्याचा तोटा असा की कुणाला ओळखता येत नाही. अंगावर पित्त उठलं म्हणून आमसुलाचं पाणी लावतात, आणि नुसतंच पित्त असेल तर ते उतरतंही. मात्र खाल्ल्यावर काही मिनिटांत ओठ-जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, छातीत घरघर, सारख्या उलट्या, लेकरू मलूल पडलं, यांतलं काही दिसलं तर ती वेगळी गोष्ट. तिथे मांडीत स्नायूमध्ये अॅड्रेनालिनचं इंजेक्शन हाच पहिला उपचार. ते स्वस्त आहे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात असायलाच हवं. अॅलर्जीची गोळी देऊन घरी वाट पाहण्यात वेळ जातो, आणि इथे वेळच महत्त्वाचा असतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो, ज्यासाठी मी हा विषय घेतला. वेष्टनाचं एकूण क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त नसेल, तर त्यावर घटकांची यादी छापण्यातून सूट आहे. पोषणमूल्यांतूनही सूट आहे. ती माहिती मोठ्या पुड्यावर किंवा बरणीवर असली की कायद्याचं समाधान होतं. १०० चौरस सेंटिमीटर म्हणजे दहा बाय दहा. एक-दोन रुपयांची जेली त्यापेक्षा छोट्याच कागदात असते. लातूरच्या गंजगोलाई बाजारातून बरणी औशाला, निलंग्याला, अहमदपूरच्या वाडीवर जाते. दुकानदार झाकण काढतो, बरणी फळीवर मागे सरकते, किंवा माल दुसऱ्या जुन्या बरणीत ओतला जातो. यादी तिथेच राहते. लेकराच्या मुठीत येतो तो गप्प कागद. ज्याला शेंगदाणा चालत नाही, ज्याला दमा आहे, त्याच्या आईला ती यादी वाचायची संधीच नाही. मोठं, महाग पाकीट घेणाऱ्याला सगळं वाचायला मिळतं आणि रुपयावाल्याला नाही. नियम लिहिणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. छोट्या कागदावर एवढी अक्षरं मावणार नाहीत हे खरंच आहे. पण अॅलर्जीच्या त्या आठ नावांतलं जे असेल तेवढं एक नाव मावतं. ‘यात दूध आहे.’ ‘यात सोया आहे.’ एवढीच ओळ.

दुसरी अडचण भाषेची. वेष्टनावरचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असला की पुरे. मराठी छापायला हरकत नाही, पण सक्तीही नाही. प्रत्यक्षात बहुतेक सगळं इंग्रजीत असतं, तांबड्यावर पिवळं, मुंगीएवढ्या अक्षरात. ज्या जिल्ह्याने देशाला डॉक्टर-इंजिनियर घडवण्याचा पॅटर्न दिला, त्याच जिल्ह्यातल्या आईला लेकराच्या खाऊत काय आहे ते आपल्या भाषेत वाचता येऊ नये, याचं मला फार वाईट वाटतं. आणि याच शहरात शिकायला आलेली, आई-बापांपासून दूर खोल्या करून राहणारी हजारो मुलं दुकानातून जे मिळेल त्यावर दोन तास काढतात, तीही आपलीच लेकरं.

जेलीबाबत आणखी एक धोका आहे, घटकांपेक्षा आकाराचा. छोट्या कपातली जेली पिळून तोंडात ओढली की अख्खा गोळा घशाशी जातो, विरघळत नाही, आणि श्वासनलिकेला बूच बसतं. कोंजॅक नावाच्या कंदाच्या पिठाची जेली यात सर्वांत वाईट. युरोपने २००२ मध्ये अशा कपांतलं कोंजॅक थांबवलं आणि २००४ मध्ये शेवाळाचे व इतर अनेक डिंकही त्या कपांतून काढले. जपानमध्ये लहान मुलं आणि वृद्ध यांत दगावले आहेत. पाच वर्षांखालच्या लेकराला कपातली जेली देऊच नये, द्यायचीच तर बारीक चिरून, बसवून. अडकलीच तर तोंडात आंधळेपणाने बोट घालू नका, गोळा आणखी आत जातो. एक वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं घेऊन, डोकं खाली ठेवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर पाच दाब. मोठ्या मुलाला वाकवून पाठीवर थापा आणि नंतर मागून मिठी घालून बेंबीच्या वर आत-वर दाब. शाळेत शिक्षकांना हे एका दुपारी शिकवता येतं.

कायद्याने दिलेल्या काही गोष्टी आपण वापरतच नाही. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरांच्या आत जास्त साखर-मीठ-चरबीचे पदार्थ विकायला २०२० च्या नियमांनी मनाई आहे. हे नियम शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एकदा वाचले जावेत. टपरीवाल्याशी भांडून काही होत नाही, त्याचं पोट त्यावर आहे. त्याला फुटाणे, शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, केळी ठेवायला सांगावं आणि आपण ती घ्यावी. शेंगदाण्याची अॅलर्जी असलेलं मूल वर्गात असेल तर चिक्कीचाही विचार करावा. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार कोणत्याही ग्राहकाला विकत घेतलेला नमुना शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो. अन्न व औषध प्रशासनाचं कार्यालय आपल्या शहरात आहे. तक्रार करताना पाकिटावरचा १४ आकडी क्रमांक टिपून घ्या. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर नुसती नोंदणी. बरणीवरही क्रमांक नसेल तर तीच तक्रार.

दुकानदार मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे. माल दुसऱ्या बरणीत ओतू नका. मूळ बरणीचं लेबल गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवा. कुणी विचारलं तर बरणी हातात द्या. याला खर्च नाही.

शेवटी, या जिल्ह्याच्या मातीतली एक गोष्ट. निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चिंच फोडायचं काम आपल्या बायका वर्षानुवर्षं करतात, गर बाजारात जातो आणि चिंचोका कवडीमोलाने. त्या चिंचोक्याची खळ घोंगडीला लावतात हे धनगर बांधवांना ठाऊक आहे. देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेत १९४० च्या दशकात त्याच चिंचोक्याच्या गरातून साखरेबरोबर जेली बांधणारा पदार्थ वेगळा काढला गेला. जपानमध्ये तो खाद्यपदार्थांत सर्रास वापरला जातो, आंतरराष्ट्रीय यादीत त्याला ४३७ क्रमांक आहे. आंबटपणाला चिंचेचाच गर, बांधायला चिंचोका किंवा पेरूतलं पेक्टिन, रंग लागलाच तर बिटाचा. परभणीला आपल्या कृषी विद्यापीठाचं अन्नतंत्र महाविद्यालय आहे, निलंग्यात बचत गट आहेत, शाळा तर सगळीकडे आहेत. या तिघांनी मिळून फळाची जेली करून पाहावी, तिच्यात ४५ टक्के फळ असावं, आणि कागद कितीही छोटा असला तरी त्यावर मराठीत आतल्या वस्तूंची नावं असावीत. परभणीच्या प्राध्यापकांपैकी कुणी आज सभागृहात असतील, तर कार्यक्रम संपल्यावर मला भेटावं. यंदाची चिंच मार्चमध्ये फोडायला सुरुवात होईल.